उणे एक

आग्नेल कुलासोने दोन हजार नऊ साली
सी भाषेत लिहिलेलं एक प्लग-इन
आणि शिरोड्याच्या खाजनातली एक मानस,
एवढंच मला दुरुस्त करायचं होतं.

मानस म्हणजे बांधातलं लाकडी दार.
ओहोटीला उघडायचं, शेतातलं पाणी जुवारीत सोडायचं,
भरतीला मिटायचं.
आधी फोंडू नायकाचा आजा हे करायचा, मग बाप, मग फोंडू.
मग मोटर आली, पाण्यात एक सेन्सर आला
आणि शेडमधल्या डब्यात साठ ओळींची एक स्क्रिप्ट.

अमावास्येच्या भरतीत, रात्री दोन चाळीसला
दार सताड उघडलं.
लॉगमध्ये लाल ओळ एकही नाही.
खोली: उणे एक.
कृती: उघडा.
निकाल: यशस्वी.
सकाळी कोरगुटाच्या रोपांत
बोटभर मासे पोहत होते.

मी आधी सगळं ट्राय-कॅचमध्ये गुंडाळलं,
जसं नवखी माणसं गुंडाळतात.
काही सापडेना.
झेलायला उभी राहिले होते
आणि कुणी काही फेकलंच नव्हतं.
खालच्या मजल्यावर ती रीत नाही.
तिथून फक्त एक आकडा वर येतो,
दारात उभा राहतो, बोलत नाही.
पाहुणा आहे की मयताचा निरोप घेऊन आलाय
हे आपणच तोंड बघून ओळखायचं.

स्क्रिप्टने ओळखलं नाही.
तिने त्याला पाणी समजून आत घेतलं.

दुसऱ्या दिवशी नवा डबा लावला, चौसष्ट बिटांचा,
तर प्रोसेसच मेली.
निरोप नाही, स्टॅक नाही, कण्हणंसुद्धा नाही.
आग्नेलने पत्ता साध्या इंटमध्ये कोंबला होता,
तो बरोबर मध्ये कापला गेला:
घर नंबर राहिला, गाव गेलं,
आणि पोस्टमन भलत्याच्या ओसरीवर चढला.
ते निस्तरता निस्तरता संध्याकाळ झाली.
डास. कीबोर्डवर चिखल.
फोंडू शेजारी बसून विडी विझवत, पुन्हा पेटवत.

"उणे एक म्हणजे किती पाणी गो?"
पाणी नाही. म्हणजे, माहीत नाही.
सेन्सर बोलला नाही की असं येतं.
"मग माहीत नाही असं म्हणू दे की त्याला.
आकडा कशाला सांगतो?"

मी उत्तर दिलं नाही.
तो उठला, बांधावरून खाली वाकला,
पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं
आणि थुंकला.
"चढतंय."
माझ्या पडद्यावर अजून उणे एक होतं.

वायर कुर्लीने कुरतडली होती.
बांधाच्या पोटात बीळ, बिळात ती,
आणि सोललेलं तांबं बाहेर, हिरवं पडलेलं.
वायर बदलायला वीस मिनिटं लागली.
ती कळायला तीन दिवस.

मग खोली वेगळी केली, खबर वेगळी.
खबर वाईट असेल तर खोली वाचायचीच नाही.
माहीत नसेल तर दार मीट
आणि फोंडूचा फोन वाजव, कितीही वाजले असोत.
हे शेवटचं कलम त्याने स्वतः घालायला लावलं,
मग घरी जाऊन फोनची रिंग मोठी करून आला.

पण ते मीठ वाक्य खोडल्यासारखं खोडता येत नाही.
ते शेतात राहील,
दोन पावसाळे तरी, फोंडू म्हणतो.

आग्नेल आता टोरांटोत असतो म्हणे.
पोर्ट वाचायच्या फंक्शनमध्ये,
जिथे उणे एक परत जातो त्याच्या वरच,
त्याने एक शेरा लिहून ठेवला होता, कोकणीत:
हें केन्नाच घडचें ना.

मी तो पुसला नाही.
त्याच्या खाली फक्त तारीख घातली.